नखाएवढ्या यंत्राची कुळकथा

श्रोतेहो, आज ज्या यंत्राची हकीकत आपणांस सांगावयाची आहे, तें आपणांपैकीं बहुतेकांनीं कधीं डोळ्यांनीं पाहिलेलें नसेल. आणि तरीहि या क्षणीं तें आपल्या घरांत, आपल्यापासून दहा हातांच्या आंत, एक-दोन नव्हे तर अनेक ठिकाणीं बसलेलें आहे. ताप मोजण्याची अंकी काडी, दूरचित्रवाणीचा रिमोट, मधुमेही माणसाचें रक्तांतील साखर पाहण्याचें साधन, स्वयंपाकघरांतला अंकी तराजू, – यांपैकीं कोणतीहि वस्तु उघडून पहा. हिरव्या पट्टीवर काळ्या लाखेसारखा एक ठिपका दिसेल. त्या लाखेखालीं नखाहूनहि लहान असा सिलिकनचा तुकडा असतो. व्यवहारांत त्याला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. आपण सूक्ष्मनियंत्रक म्हणूं. गणित करणारा भाग, आज्ञा सांठविणारी स्मृति, वेळ मोजणारी योजना आणि बाहेरच्या जगाशीं देवघेव करणारे पाय असें सारें बिऱ्हाड त्यांत थाटलेलें असतें. संगणक हा चौसोपी वाडा मानला, तर सूक्ष्मनियंत्रक ही चाळींतली एक खोली. पण संसार पुरा.

या खोलींतल्या बिऱ्हाडाच्या हुशारीविषयीं पुष्कळ बोललें जातें. मला आज बोलावयाचें आहे तें त्याच्या काटकसरीविषयीं.

या विषयाकडे माझें लक्ष गेलें तें एका तक्रारीमुळें. नेरूळला आमच्या गृहसंस्थेच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. तींत पाणी किती, हें पाहण्यासाठीं रखवालदार रोज दोनदां लोखंडी शिडीनें चढत असे. एका जुलै महिन्यांत शेवाळलेल्या पायरीवरून त्याचा पाय घसरला व मनगट मोडलें. त्यानंतर वर्गणी काढून आम्हीं एक यंत्र बसविलें. तें टाकीच्या झांकणाखालीं राहून पाण्याची उंची मोजी व तळमजल्यावरील पेटीकडे बिनतारी निरोप धाडी. दोन पेन्सिल-सेलांवर तें चालत असे. पहिल्या आठवड्यांत सर्व मंडळी खुष झाली. नवव्या दिवशीं पेटी मुकी झाली. नवे सेल घातले. पुन्हां आठ दिवस. यंत्र विकणाऱ्या गृहस्थांकडे गेलों तर "चांगल्या जातीचे सेल घाला" एवढेंच उत्तर मिळालें. म्हणजे ज्या शिडीवरून माणूस चढूं नये म्हणून यंत्र आणलें, त्याच शिडीवरून त्या यंत्राला सेल भरविण्यासाठीं दर आठवड्याला माणूस चढूं लागला! या घोटाळ्याचें मूळ शोधतां शोधतां मी या यंत्राच्या कुळकथेपर्यंत जाऊन पोहोंचलों.

नवी मुंबई आणि सूक्ष्मनियंत्रक हीं जवळजवळ एका वयाचीं आहेत. १९६५ सालीं चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनीं खाडीपलीकडे जुळें शहर वसवावें अशी कल्पना मांडली. १९७० च्या मार्च महिन्यांत सिडकोची स्थापना झाली. १९७१ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेंतील इंटेल कंपनीनें ४००४ या नांवाची चिप बाजारांत आणली. तिच्यावर २,३०० ट्रँझिस्टर होते व ती मुळांत एका जपानी कंपनीच्या आंकडेमोडीच्या यंत्रासाठीं रचलेली होती. पण तिला स्मृतीसाठीं शेजारच्या दुसऱ्या चिपांवर अवलंबून रहावें लागे. सर्व संसार एकाच तुकड्यावर मांडण्याचें काम त्याच वर्षीं टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधील गॅरी बून व मायकेल कॉक्रन यांनीं केलें. त्यांतून पुढें १९७४ सालीं टीएमएस १००० हा चार बिटांचा सूक्ष्मनियंत्रक सर्वांना विकत मिळूं लागला.

तत्पूर्वीचें चित्र कसें होतें तें पहावयास आपणांस दूर जाण्याचें कारण नाहीं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं भारतांतील पहिला स्वदेशी अंकी संगणक पुरा झाला. १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याला टिफ्रॅक हें नांव दिलें. रं. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं तरुण मंडळींनीं तो रचला होता. त्यांत २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियमचे डायोड व १२,५०० रोधक होते. स्मृति होती चाळीस बिटांच्या २,०४८ शब्दांची. हिशेब केला तर हे सुमारें दहा हजार बाईट होतात. आज आठ-दहा हजार बाईटांची स्मृति असलेला सूक्ष्मनियंत्रक हा लहानांतला लहान समजला जातो. वाशीच्या किनाऱ्यावरून खाडीपार जी तुर्भ्याची टेकडी दिसते, त्या बाजूच्या अणुसंशोधन केंद्रांत पुढें टीडीसी-१२ हा बारा बिटांचा संगणक आंखला गेला व हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशननें १९६९ सालीं तो तयार केला. म्हणजे या विद्येचें वारें आमच्या किनाऱ्याला नवें नव्हतें. नवें होतें तें एवढेंच कीं, ती विद्या आतां सेलावर चालणार होती.

पण ती लगेच चालली नाहीं. कारण आरंभींच्या चिप फार उधळ्या होत्या. त्यांच्या रचनेंत प्रत्येक द्वार ज्या एका स्थितींत असे त्या स्थितींत वीज अखंड वहात राही. काम असो वा नसो. आपल्याकडे मळ्यांत पाटाचें पाणी देतांना बारेकरी एका वाफ्याचें दार उघडतो तेव्हां दुसऱ्याचें बुजवितो. दोन्ही दारें उघडीं ठेवून तो झोंपला तर विहीर रिकामी व्हावयाची. जुन्या चिपांत नेमकी हीच अवस्था होती. १९६३ सालीं फेअरचाइल्ड कंपनींतील फ्रँक वॉनलास यानें यावर तोड काढली. त्यानें दोन परस्परपूरक ट्रँझिस्टरांची जोडी अशी बांधली कीं, एक उघडला कीं दुसरा मिटलाच पाहिजे. मग वीज वाहते ती केवळ एक मिटून दुसरा उघडण्याच्या क्षणापुरती. एरवीं जी पाझरते ती जवळजवळ नगण्य. या रचनेला सी-मॉस म्हणतात. ती सुरुवातीला मंदगति व महाग म्हणून मागें पडली. वेगाची हौस असलेल्या संगणकवाल्यांनीं तिच्याकडे ढुंकूनहि पाहिलें नाहीं. तिला आश्रय दिला तो घड्याळवाल्यांनीं.

त्यांची अडचण खरी होती. १९७२ सालीं अमेरिकेंत पल्सर नांवाचें पहिलें अंकी मनगटी घड्याळ विक्रीस आलें. किंमत २,१०० डॉलर. त्यांतील तांबडे प्रकाशमान अंक इतकी वीज खात कीं, ते सतत दाखविणें परवडेना. वेळ पहावयाची तर दुसऱ्या हातानें कळ दाबावी लागे! हातांत पिशव्या असलेल्या गृहिणीला वेळ विचारावी ती शेजाऱ्यालाच. गंमतीचा भाग सोडला तरी या घड्याळानें एक गोष्ट शिकविली: यंत्र किती हुशार आहे यापेक्षां तें उगाच जागें किती रहातें, यावर त्याचें आयुष्य अवलंबून असतें.

घड्याळाच्या पोटांतील स्फटिकाची हकीकत येथें सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. क्वार्ट्झचा तो इवलासा चिमटा सेकंदाला ३२,७६८ वेळां थरथरतो. हाच विचित्र आंकडा कां? कारण ३२,७६८ ला अर्धें करीत गेलां कीं बरोबर पंधराव्या पायरीला एक उरतो. म्हणजे पंधरा साध्या 'अर्धें कर' मंडलांची सांखळी लावली कीं शेवटीं सेकंदाला एक ठोका मिळतो; भागाकाराचें यंत्र नको, हिशेबनीस नको. आणि इतक्या मंद थरथरीला वीज लागते ती एका अँपिअरच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास. या भागालाच मायक्रोअँपिअर म्हणतात. पुढें सूक्ष्मनियंत्रकांनीं हाच स्फटिक उचलला. गांव झोंपलें तरी जागल्या जागा असतो. त्याला बलुतें थोडें, पण वेळ झाली कीं तो पाटलाला उठवितो. तशी या चिपांत योजना आहे. गणित करणारा मुख्य भाग निजतो, स्फटिकाचा जागल्या ठोके मोजीत बसतो, ठरलेला आंकडा भरला कीं पाटलाला जागवितो. पाटील उठून काम करतो आणि पुन्हां आडवा होतो.

ही शिस्त अंगीं बाणावयास वीस वर्षें लागलीं. १९७६ सालीं आरसीए कंपनीची १८०२ ही सी-मॉस चिप आली. तिचा ठोका पुरता थांबविला तरी तिच्यांतील आंकडे पुसले जात नसत. १९८९ सालीं निघून १९९५ सालीं गुरु ग्रहाजवळ पोहोंचलेल्या गॅलिलिओ यानांत याच जातीच्या चिप होत्या. परंतु बाजारपेठ जिंकली ती १९८० सालच्या इंटेल ८०५१ नें, आणि ती मूळ चिप काटकसरी मुळींच नव्हती. चार हजार बाईटांची आज्ञास्मृति, १२८ बाईटांची कामचलाऊ स्मृति, पांच व्होल्टांचा दाब आणि शंभर मिलिअँपिअरच्या वर जाऊं शकणारी भूक! सी-मॉस पद्धतीचा तिचा धाकटा भाऊ ८०सी५१ आला तेव्हां हा खर्च पुष्कळ उतरला, आणि 'स्वस्थता' व 'निद्रा' अशा दोन अवस्थाहि त्यांत आल्या. मुंबई विद्यापीठाच्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमांत हा ८०५१ वर्षानुवर्षें शिकविला गेला. वाशी-नेरूळच्या महाविद्यालयांत शिकलेल्या हजारों मुलांची या विद्येची मुळाक्षरें त्याच्यावरच झालीं. माझ्या मतें त्यांत एक उणीव राहिली. प्रयोगशाळेंत वीज भिंतींतल्या खोबणींतून येते. जेथें ती मोजावी लागत नाहीं, तेथें झोंपेचा धडा ऐच्छिक राहतो, व ऐच्छिक धडा परीक्षेच्या आदल्या रात्रीं सोडला जातो.

काटकसर हेंच ज्याचें मुख्य व्रत, असा सूक्ष्मनियंत्रक म्हणून ज्याचा उल्लेख करावा लागेल, तो टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा एमएसपी ४३०. तो १९९० च्या दशकाच्या आरंभीं जर्मनींत जन्मला. पाणी, वायु, उष्णता यांचे मीटर हें त्याचें पहिलें कार्यक्षेत्र. जो मीटर भिंतीवर बसवून दहा वर्षें विसरावयाचा, त्याचा सेल दर महिन्याला कोण बदलणार? या कुळांतील एका साध्या चिपचीं लक्षणें सांगतों. आंकडे आहेत, पण ऐकण्यासारखे आहेत. शब्द सोळा बिटांचा, मुख्य आज्ञा अवघ्या २७, दाब १.८ पासून ३.६ व्होल्टपर्यंत कितीहि चालतो, म्हणजे सेल निम्म्याहून उतरला तरी काम अडत नाहीं. सेकंदाला दहा लाख ठोक्यांच्या गतीनें, २.२ व्होल्टांवर जागेपणीं खर्च २०० मायक्रोअँपिअर. जागल्याला जागा ठेवून निजल्यावर ०.७ मायक्रोअँपिअर. जागल्यालाहि निजवून केवळ आठवण जपावयाची तर ०.१. निद्रेच्या पांच पायऱ्या आहेत. कोणत्या पायरीवर कोणाला जागें ठेवावयाचें हें आज्ञावली लिहिणारानें ठरवावयाचें. आणि जाग किती लवकर येते? सहा मायक्रोसेकंदांच्या आंत. हा शेवटचा आंकडा फार महत्त्वाचा. ज्याला उठून तोंड धुऊन चहा घेऊन कामाला लागावयास तास लागतो, त्याला मिनिटभराच्या कामासाठीं निजविण्यांत लाभ नाहीं. जो डोळे उघडतांच कामाला लागतो, त्यालाच पुन्हां पुन्हां निजवितां येतें.

घड्याळांत घालतात त्या बटणाएवढ्या लिथियम सेलांत सुमारें २२५ मिलिअँपिअर-तास इतका सांठा असतो. एका मायक्रोअँपिअरच्या दरानें तो खर्च केला तर सव्वादोन लाख तास, म्हणजे पंचवीस वर्षांहून अधिक काळ, पुरेल. प्रत्यक्षांत सेल त्यापूर्वींच म्हातारपणानें मरतो! यंत्राच्या भुकेपेक्षां सेलाची स्वतःची गळती मोठी ठरावी, हा प्रकार टिफ्रॅकच्या नळ्या बदलणाऱ्यांना सांगितला असता तर त्यांनीं तो थट्टेंत काढला असता.

आपल्या देशांत या काटकसरीचें सार्वजनिक उदाहरण पहावयाचें तर तें मतदानयंत्राचें. त्याविषयींच्या राजकीय वादांत मी येथें पडत नाहीं. मला सांगावयाचें आहे तें त्याच्या सेलाविषयीं. निवडणूक आयोगानें १९७७ सालीं ही कल्पना मनावर घेतली. १९८२ च्या मे महिन्यांत केरळांतील परवूर मतदारसंघाच्या ५० केंद्रांवर यंत्र प्रथम वापरलें गेलें. कायद्याचा आधार नाहीं म्हणून १९८४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो प्रयोग अमान्य केला, व पुढें कायदा बदलून १९८९ पासून मार्ग मोकळा झाला. यंत्राचें बाह्यरूप पवईच्या आयआयटींतील औद्योगिक अभिकल्प केंद्रांत घडलें. २००४ च्या लोकसभा निवडणुकींत सर्व देशभर हींच यंत्रें होतीं. त्यांच्या पोटांत सूक्ष्मनियंत्रक आहे आणि तें बॅटरीवर चालतें. विजेच्या तारेशीं त्याचा संबंध नाहीं. सातपुड्यांतल्या ज्या पाड्यावर खांबच पोहोंचला नव्हता, तेथेंहि दिवसभर मतदान व्हावें आणि मोजणीपर्यंत आंकडे जसेच्या तसे रहावे, हें उधळ्या चिपेनें साधलें नसतें.

आतां जरा अवघड प्रश्नाकडे वळूं. एवढा वापर होत असतां या चिप आपण स्वतः किती घडविल्या? मोहालीला १९७६ सालीं सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली व १९८४ च्या सुमारास तेथें उत्पादन सुरू झालें. १९८९ च्या फेब्रुवारींत त्या कारखान्याला आग लागली. तो पुन्हां उभा राहीपर्यंत कित्येक वर्षें गेलीं, आणि या धंद्यांत आठ-दहा वर्षें म्हणजे दोन-तीन पिढ्या. तोंपर्यंत आपल्या अभियंत्यांनीं परक्या कंपन्यांसाठीं चिपांचे आराखडे काढण्यांत नांव मिळविलें होतें. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनें बंगळूरला १९८५ सालींच केंद्र उघडलें होतें. आराखडा येथला, कारखाना तेथला, आणि विकत घेणारे पुन्हां आपणच, अशी ती तऱ्हा.

म्हणून २०१९ सालीं पवईच्या आयआयटींतून 'अजित' या प्रक्रियकाची बातमी आली तेव्हां आम्हांपैकीं अनेकांनीं ती दोनदां वाचली. प्रा. माधव देसाई यांच्या चमूनें तो रचला होता. शब्द ३२ बिटांचा, गति सेकंदाला सात ते बारा कोटि ठोके, आणि घडण त्याच मोहालीच्या कारखान्यांत, १८० नॅनोमीटरच्या पद्धतीनें. हें माप केसाच्या जाडीच्या सुमारें चारशेव्या भागाइतकें. अत्याधुनिक कारखाने याच्या फार पुढें गेले आहेत, हें खरें. पण मीटर, सिग्नल, पंप यांना तें माप पुष्कळ झालें. 'समीर' या सरकारी संस्थेनें नाविक या आपल्या दिशादर्शक उपग्रहमालेच्या ग्राहकयंत्रांत तो वापरण्याचें ठरविलें. ही संस्था टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्याच एका शाखेंतून १९८४ सालीं निघाली. तिचें मुख्य ठाणें पवईला आणि एक केंद्र आमच्या खारघरला आहे. म्हणजे कुलाब्याच्या घराण्याची एक पाती खाडी ओलांडून आली, असें म्हणावयास हरकत नाहीं. तथापि मी आपली फसवणूक करूं इच्छित नाहीं. अजित हा काटकसरी कुळांतला नव्हे. तो मध्यम बांध्याचा, कामसू प्रक्रियक आहे; बटणाच्या सेलावर दहा वर्षें निजून रहाणें हा त्याचा धर्म नव्हे. सी-डॅकनें तिरुवनंतपुरमला तयार केलेला तेजस-३२ हा सूक्ष्मनियंत्रकाच्या अधिक जवळचा. महाप्यांतहि २०२४ च्या सप्टेंबरांत चिपांची जुळणी व चाचणी करणाऱ्या एका कारखान्याचें उद्‌घाटन झालें. या साऱ्या औद्योगिक पट्ट्यास जागा मिळाली ती येथल्या आगरी-कोळी गांवांच्या शेतांतून व मिठागरांतून. जमिनीच्या मोबदल्यासाठीं दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं १९८४ च्या जानेवारींत झालेल्या आंदोलनांत गोळीबारानें पांच ग्रामस्थ गेले. चिपेच्या इतिहासांत हें कशाला, असें कोणी विचारील. पण कारखाना हवेंत उभा रहात नाहीं.

आमच्या टाकीची गोष्ट अर्धी राहिली. आमच्याच इमारतींतील एक मुलगी त्या वेळीं अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षांत होती. तिनें तें यंत्र खालीं आणवून उघडलें, संगणकाला जोडलें आणि अर्ध्या तासांत हंसूं लागली. आंतली चिप उत्तम काटकसरी जातीची होती. निद्रेच्या सर्व पायऱ्या तिच्यांत होत्या. पण आज्ञावली लिहिणारानें तिला एकदांहि निजविलें नव्हतें! मोजमाप झालें कीं ती पुढच्या मिनिटाची वाट पहात नुसती आंकडे मोजीत उभी राही, आणि शेजारचा संवेदक व बिनतारी भागहि तिच्याबरोबर ताटकळत. सारें मिळून खर्च दहा मिलिअँपिअर. दोन हजार मिलिअँपिअर-तासांचा सेल, भागिले दहा, दोनशें तास, म्हणजे आठ दिवस व आठ तास. सेलवाल्याचा दोष नव्हता, चिपेचा नव्हता, आमच्या वर्गणीचाहि नव्हता.

तिनें दोन संध्याकाळीं बसून आज्ञावली फिरविली. आतां तो जागल्या दर मिनिटाला चिपेला उठवी. ती संवेदकाला जागवी, पाणी मोजी, निरोप धाडी, सर्वांना निजवी व स्वतः निजे. हें सारें सेकंदाच्या तीन पंचमांशांत आटपे. साठ सेकंदांतला हा शंभरावा भाग. म्हणून आठ दिवसांचे आठशें दिवस व्हावे असा कागदावरचा हिशेब. "काका, तेवढे होणार नाहींत, गच्चीवरचा उन्हाळा सेलाला सोसत नाहीं, आणि निजलेलीं यंत्रेंहि थोडें खातात," असें तिनेंच आधीं बजावलें. सेल बसविले त्या दिवसाची तारीख लिहून चिकटपट्टी झांकणाच्या आंतल्या बाजूस लावली. ते सेल सतरा महिने टिकले. त्या अवधींत शिडीला नवा कठडा बसला, ती मुलगी नोकरीसाठीं पुण्याला गेली, आणि रखवालदार सेल बदलावयास वर चढला तेव्हां पट्टीवरची शाई उन्हानें उडालेली होती. तारीख त्यानें तोंडपाठ सांगितली.